शेवाळाला कामाला लावा, नरक्याला सोडा

शेवाळ म्हटले की आपल्याला विहिरीची निसरडी पायरी आठवते. पण सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या एकपेशीय शेवाळाकडून वनस्पतींतली औषधी द्रव्ये बनवून घ्यायचे प्रयत्न जगात चालू आहेत. हे काम आपल्याकडे जोमाने व्हावे असे माझे ठाम मत आहे. कारण आपला नरक्या.

सह्याद्रीतल्या या झाडाला दुर्गंधी येते, म्हणून हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन असते. त्यापासून अंडाशयाच्या आणि आतड्याच्या कर्करोगावरची औषधे होतात. १९६६ साली हे द्रव्य एका चिनी झाडात सापडले. शोधणाऱ्यांपैकी डॉ. मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे! १९७२ साली ते नरक्यातही असल्याचे कळले, आणि पुढे या झाडावर कुऱ्हाड पडली. चोरटी तोड, ट्रक भरभरून लाकूड. रोग्याला औषध हवेच. पण त्यासाठी जंगल किती दिवस पुरणार?

कुणी म्हणेल, मग यीस्ट आहे की. आहे, पण यीस्टला साखर लागते. साखर म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे पाणी! शेवाळाचे तसे नाही. ऊन, हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडे क्षार मिळाले की झाले. ते पाणी खारे किंवा वापरलेलेही चालू शकते, त्यासाठी सुपीक जमीन अडवायला नको.

यात आपली ज्वारीही आहे बरे का! कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात हे शेतकऱ्याला ठाऊक असते. ते विष तयार करणाऱ्या साखळीतल्या पहिल्या विकराचे जनुक संशोधकांनी क्लॅमिडोमोनास नावाच्या शेवाळाच्या हरितलवकात घातले, आणि ते विकर तिथे काम करू लागले. म्हणजे झाडाची विद्या शेवाळ शिकू शकते.

अर्थात पहिला धडा आला म्हणजे पुस्तक संपले असे नाही. कॅम्प्टोथेसिनची साखळी लांबलचक आहे, आणि शेवाळातून मिळणारे उत्पादन अजून फार थोडे आहे. म्हणून तोवर नरक्याची राखण आणि लागवड दोन्ही हवे. बदललेले शेवाळ बंदिस्त टाकीतच राहील, ही काळजीही घ्यायलाच हवी.

पण एक लक्षात ठेवा. शेवाळाला ही विद्या शिकवायची तर ती आधी झाडाकडूनच शिकावी लागते. झाडच उरले नाही तर प्रयोगशाळा कुणाची वही बघून लिहिणार?

तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.