पोर्टिंगचा पाया हलता नको

नव्या प्रोसेसरसाठी पॅकेज पोर्ट करताना बिल्ड फसला की पहिला प्रश्न एकच असतो: चूक मूळ सोर्सची, टूलचेनची की आपल्या पॅचची? याचा छडा लावायचा तर निदान सोर्स तरी जागचा हलता कामा नये. म्हणून वापरकर्त्याच्या हाती जे द्यायचे, ते स्थिर शाखेवरूनच पोर्ट करावे, असे आमचे ठाम मत आहे. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये डेबियनच्या ‘सिड’ या अस्थिर शाखेत काय घडले ते पाहा. २०३८ सालची अडचण टाळण्यासाठी ३२ बिटी आर्मवरचा वेळ साठवणारा टाइम_टी हा प्रकार ६४ बिटी करण्यात आला. शेकडो लायब्रऱ्यांचा एबीआय बदलला आणि सगळ्यांची पुनर्बांधणी होईपर्यंत बिल्डला लागणारी पॅकेजे एकमेकांशी जुळेनात. बदल आवश्यकच होता. पण त्या काळात सिडवरून पोर्ट करणाऱ्याला आपली चूक कोणती आणि शाखेतली उलथापालथ कोणती, हे कळणे अवघड होते. त्याच मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर सापडले. ते सिड आणि टेस्टिंगमध्ये शिरले होते. स्थिर ‘बुकवर्म’ त्यातून वाचली.

स्थिर म्हणजे जुने आणि जुने म्हणजे धोक्याचे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. २०१४ मध्ये हार्टब्लीड हा सुरक्षादोष उघड झाला तेव्हा स्थिर ‘व्हीझी’तली ओपनएसएसएल १.०.१ई सदोषच होती. पण डेबियनने तिथे १.०.१जी ही नवी आवृत्ती आणली नाही. दुरुस्तीचा पॅच तेवढा १.०.१ई वर बसवला. त्यामुळे पोर्ट करणाऱ्याला छोटासा डिफ तपासून पुढे जाता आले. स्थिर शाखेतही दोष असतात, मात्र कधी आणि काय बदलले हे तिथे नेमके सांगता येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नव्या आर्किटेक्चरला स्थिर शाखाच नसते. रिस्क-फाइव्हला डेबियनमध्ये अधिकृत स्थान मिळाले जुलै २०२३ मध्ये, म्हणजे बुकवर्म निघाल्यानंतर. त्याची पहिली स्थिर आवृत्ती ‘ट्रिक्सी’ आली ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या काळात स्थिर शाखेचा आधार नव्हता. अशा वेळी सिड घ्यावी, पण तारीख बांधून घ्यावी. डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहातून मागच्या तारखेचे भांडार जसेच्या तसे मिळते. सोर्सेस लिस्टमध्ये ती तारीख घालावी आणि सगळे बिल्ड पार पडल्यावरच ती पुढे सरकवावी. अपस्ट्रीमला पाठवायचा पॅच मात्र ताज्या सोर्सवर तपासावा. तारीख व आवृत्ती पोर्टच्या नोंदीत लिहिलेली असली, तरच तो पोर्ट दुसऱ्या कुणाला पुन्हा बांधता येतो आणि पुढे सांभाळताही येतो.