विश्लेषण : २.१४ की २.१७? सॉफ्टवेअरच्या आवृत्ती क्रमांकाला एवढे महत्त्व का?

डिसेंबर २०२१ मध्ये जगभरातील बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत सगळ्यांच्या संगणक विभागांत एकच प्रश्न विचारला जात होता : आपल्याकडे 'लॉगफोरजे'ची कोणती आवृत्ती आहे? अपाची सॉफ्टवेअर फाऊंडेशनचा हा मोफत, ओपन सोर्स घटक. जावा भाषेत लिहिलेल्या प्रणालींमध्ये घडणाऱ्या घडामोडींची नोंद ठेवणे, एवढेच त्याचे काम. मात्र त्यातील एका त्रुटीमुळे दूरवर बसलेल्या व्यक्तीला सर्व्हरचा ताबा घेता येत होता. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोकादायक असल्याचे जाहीर झाले. दुरुस्ती म्हणून २.१५.० आली, पण ती अपुरी ठरली. मग २.१६.०, त्यानंतर २.१७.० आणि महिना संपण्याआधी २.१७.१ प्रसिद्ध झाली. अनेक संस्थांना त्या दिवसांत आपल्याकडे नेमका कोणता क्रमांक आहे, हेच सांगता येत नव्हते. आता अशी माहिती तयार ठेवण्याची अपेक्षा भारतातील नियामकही करू लागले आहेत. पण हे क्रमांक कोण ठरवतो आणि त्यांवर किती विसंबायचे?

तीन आकड्यांचा अर्थ काय?

मराठी पुस्तकाच्या श्रेयनामावलीत 'दुसरी आवृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असा फरक केलेला असतो. मजकुरात बदल झाला असेल तर आवृत्ती, तोच मजकूर पुन्हा छापला असेल तर पुनर्मुद्रण. सॉफ्टवेअरमध्ये हाच फरक अधिक बारकाईने करणारी पद्धत म्हणजे 'सिमँटिक व्हर्जनिंग'. गिटहबचे सहसंस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ती मांडली. या पद्धतीत क्रमांकाचे तीन भाग असतात. समजा, क्रमांक ४.७.२ आहे. केवळ चूक दुरुस्त केली तर शेवटचा आकडा वाढून ४.७.३ होतो. जुन्या गोष्टींना धक्का न लावता नवी सोय दिली तर ४.८.० होते. आणि जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम बंद पडतील असा बदल केला तर ५.०.० होते.

थोडक्यात, पहिला आकडा बदलला तर सावध व्हा आणि शेवटचा बदलला तर निर्धास्तपणे अद्ययावत करा, असे निर्माता वापरकर्त्याला सांगत असतो.

३.१० मोठे की ३.९?

गणितात ३.९ मोठे, सॉफ्टवेअरमध्ये ३.१०. कारण इथला बिंदू दशांशचिन्ह नसतो. तो दोन स्वतंत्र आकडे वेगळे करतो. पायथन भाषेची ३.९ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि वर्षभराने ३.१० आली. तेव्हा अनेक प्रकल्पांच्या सेटिंग फाइलमध्ये अवतरणचिन्हाशिवाय लिहिलेले '३.१०' संगणकाने साधी संख्या म्हणून वाचले, शेवटचे शून्य गाळले आणि कितीतरी वर्षे जुनी ३.१ ही आवृत्ती शोधायला सुरुवात केली.

सगळे प्रकल्प एकच पद्धत पाळतात का?

नाही. तशी सक्ती करणारी कोणतीही संस्था नाही. उबंटूचा क्रमांक म्हणजे सरळ तारीख असते. २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. २००६ मध्ये एप्रिलची आवृत्ती जूनपर्यंत लांबली, तेव्हा तिचा क्रमांकही ६.०६ झाला.

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची कथा निराळी. २.६ ही मालिका डिसेंबर २००३ पासून २०११ पर्यंत चालली आणि २.६.३९ पर्यंत पोहोचली. पुढची आवृत्ती २.६.४० व्हायची, पण लिनस टोरवाल्ड्स यांनी तिला ३.० म्हटले. त्यामागे मोठा तांत्रिक बदल नव्हता; आकडे फार वाढले होते आणि लिनक्सला २० वर्षे पूर्ण होत होती. त्यानंतर ४.०, ५.० आणि ६.० याही आवृत्त्या दुसरा आकडा हाताबाहेर जाऊ लागल्यावरच आल्या. त्यामुळे लिनक्समध्ये पहिला आकडा बदलला म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

डोनाल्ड क्नुथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीचा क्रमांक तर दर दुरुस्तीला एकेक अंक वाढत 'पाय'च्या जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. प्रणाली पूर्णत्वाला पोहोचली असून आता फक्त बारीक दुरुस्त्या उरल्या आहेत, हे त्यातून कळते.

पहिला आकडा बदलण्याची किंमत किती?

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आली आणि पायथन २ मध्ये लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम तिच्यावर चालेनासे झाले. स्थलांतर इतके रेंगाळले की जुन्या मालिकेला १ जानेवारी २०२० पर्यंत आधार द्यावा लागला. जवळपास ११ वर्षे दोन पायथन शेजारी शेजारी नांदल्या. या अनुभवामुळे अनेक प्रकल्पप्रमुख पहिला आकडा वाढवायला कचरतात आणि छोट्या-मोठ्या मोडतोडी मधल्या आकड्यातच उरकतात. खुद्द पायथनच्या ३.१२ या आवृत्तीतून 'डिस्टयुटिल्स' हे जुने साधन काढून टाकले गेले. काटेकोर नियमाने पाहिले तर असा बदल पहिल्या आकड्यात दिसायला हवा होता. पायथन मात्र तो नियम तंतोतंत पाळत नाही.

यंत्रे क्रमांकावर विसंबतात तेव्हा काय होते?

आजचे सॉफ्टवेअर शेकडो छोट्या घटकांवर उभे असते. प्रत्येकाची आवृत्ती माणूस तपासत नाही. जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम' भांडारातून घटक घेताना '१.४.० किंवा त्यापुढची, पण २.०.० च्या आतली कोणतीही आवृत्ती चालेल' अशी सूचना आपोआप नोंदवली जाते. पहिला आकडा तोच आहे, म्हणजे काही बिघडणार नाही, हे त्यामागचे गृहीतक.

जानेवारी २०२२ मध्ये 'कलर्स' या घटकाने हे गृहीतक उघडे पाडले. मोठ्या कंपन्या आपले काम फुकट वापरतात, यावर नाराज असलेल्या त्याच्या निर्मात्यानेच १.४.० नंतरच्या छोट्या क्रमांकाच्या आवृत्तीत कधीही न संपणारे चक्र घालून ठेवले. आकडा किरकोळ दुरुस्तीचा होता. त्यामुळे ती आवृत्ती अनेक प्रकल्पांत आपोआप शिरली आणि पडद्यावर निरर्थक अक्षरांचा पाऊस सुरू झाला. क्रमांक देणाऱ्याचा हेतू बदलला तर तो क्रमांक वाचणाऱ्या यंत्राला ते कळत नाही.

कधी कधी हेतू चांगला असूनही आकड्याची लांबीच आड येते. २०२२ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राऊझर १०० व्या आवृत्तीला पोहोचले, तेव्हा केवळ दोन अंक वाचणाऱ्या संकेतस्थळांचा गोंधळ होईल अशी भीती होती. त्यासाठी आधीपासून चाचण्या घ्याव्या लागल्या. लिनक्समध्ये तिसऱ्या आकड्याला २५५ पर्यंतच जागा राखलेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.९ या जुन्या मालिकेची २५६ वी दुरुस्ती येताच जुन्या हिशेबाने ४.९.२५६ आणि ४.१०.० एकसारखेच दिसणार होते. म्हणून त्या आवृत्तीत फक्त क्रमांक बदलला गेला, जेणेकरून काय बिघडते ते इतरांना तपासता यावे.

एकाच क्रमांकाखाली वेगळा माल असू शकतो का?

असू शकतो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने हीच सर्वांत अडचणीची बाब आहे. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' ही त्रुटी उघड झाली. ओपनएसएसएलच्या १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्या बाधित होत्या, दुरुस्ती १.०.१जी मध्ये होती. मात्र रेड हॅटसारख्या वितरकांनी नवी आवृत्ती न देता आपल्याकडील १.०.१ई मध्येच दुरुस्ती घातली. ग्राहकांच्या स्थिर प्रणाली विस्कटू नयेत, यासाठीची ही रूढ पद्धत. परिणामी केवळ मूळ क्रमांक पाहणाऱ्या तपासणी साधनाला दुरुस्त झालेला सर्व्हरही धोकादायक वाटू शकतो. खरी माहिती वितरकाने पुढे जोडलेल्या शेपटीच्या क्रमांकात असते.

उलट उदाहरण २०२४ चे. फाइल लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवल्याचे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने २९ मार्च रोजी उघड केले. इथे सर्वांत नवी आवृत्तीच घातक होती आणि जुनी ५.४ मालिका सुरक्षित. डेबियनला चाचणी शाखांमध्ये मागे जायचे होते, पण त्यांची यंत्रणा फक्त चढते क्रमांक ओळखते. म्हणून त्यांनी पॅकेजला '५.६.१+रिअली५.४.५' असा क्रमांक दिला. यंत्राला तो पुढचा वाटतो. माणसाला कळते की आतला माल ५.४.५ चा आहे.

भारतात याचा संबंध कुठे येतो?

'सेबी'ने ऑगस्ट २०२४ मध्ये शेअर बाजाराशी संबंधित संस्थांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. तिच्यात सॉफ्टवेअर घटकांच्या यादीचा, म्हणजे 'सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स'चा समावेश आहे. 'सर्ट-इन'नेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची २.० ही आवृत्ती आणली. औषधाच्या वेष्टनावर घटक छापलेले असतात, तशी ही यादी. प्रत्येक घटकाचे नाव, पुरवठादार आणि आवृत्ती क्रमांक तिच्यात लिहायचे असतात. युरोपीय महासंघाचा सायबर रेझिलिअन्स कायदाही टप्प्याटप्प्याने लागू होत असून त्याच्या मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक होतील. तिथे सॉफ्टवेअर उत्पादने विकणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही त्या पाळाव्या लागतील.

मग क्रमांकावर भरवसा ठेवायचा की नाही?

लॉगफोरजेसारखा प्रसंग पुन्हा आला तर ज्यांच्याकडे यादी आहे, त्यांना काही तासांत उत्तर सापडेल. इतरांना आठवडे लागतील. त्या अर्थाने क्रमांकाला पर्याय नाही. मात्र क्रमांक लिहून घेतला म्हणजे काम संपले, असे समजणे चुकीचे ठरेल. घटक मूळ प्रकल्पाकडून आला की वितरकाकडून, वितरकाने त्यात कोणत्या दुरुस्त्या घातल्या, फाइलचा डिजिटल ठसा मूळ फाइलशी जुळतो का, आणि नवी आवृत्ती चाचणीशिवाय आपोआप आत येते का, हेही नोंदवावे लागते. शिवाय क्रमांक देणारा पलीकडे कोण आहे, हेही महत्त्वाचे. एक्सझेडचा भार वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होता आणि त्याच फटीतून हल्लेखोर आत शिरला. अशा घटकांवर कारभार चालवणाऱ्या बँका आणि कंपन्या त्यांची यादी करताना त्यांच्या देखभालीचा खर्चही उचलणार का, याचे उत्तर मात्र अद्याप कोणत्याही यादीच्या रकान्यात विचारलेले नाही.