शुक्रवारची सुपारी

१९८८ साली माझी बदली उल्हासनगरच्या शाखेत झाली. बदलापूरहून सकाळची लोकल पकडायची आणि उल्हासनगरला उतरायचे, असा शिरस्ता. अंबरनाथला माझ्याच डब्यात एक सहकारी चढायचा. शाखेत तो रोखपाल होता. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणे अस्सल कोकणी वळणाचे, डब्यात नारळाच्या दुधातली आमटी. त्यामुळे पहिली दोन वर्षे मी त्याला अलिबागकडचा कुणी कायस्थ समजत होतो. अलिबागकडचा तो होताच. पण ‘आम्ही बेने इस्राएल, म्हणजे तुमच्या भाषेत शनवार तेली’ असे त्याने एकदा नोटा मोजता मोजता सांगितले, आणि पुन्हा मोजणीत मान खाली घातली.

शनवार तेली हा शब्द आजच्या तरुण वाचकांनी कदाचित ऐकलाही नसेल. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, नवगावजवळ, कधी काळी जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी मात्र त्यांचा बैल घाण्याला जुंपला जात नसे. धर्मग्रंथ विस्मरणात गेले, हिब्रू भाषा गेली, पण आठवड्यातला हा एक दिवस त्यांनी सोडला नाही. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले तेही त्यावरूनच.

आमचा रोखपाल मात्र शनिवारी कामावर यायचा. बँका तेव्हा शनिवारी अर्धा दिवस चालत; दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी यायला २०१५ साल उजाडावे लागले. धर्माच्या बाबतीत तो आपल्यापैकी बहुतेकांसारखा होता, म्हणजे सणासुदीपुरता. त्याचा खरा देव होता मँडोलिन. संध्याकाळी पाचनंतर तो एका ऑर्केस्ट्रात वाजवी. उल्हासनगर म्हणजे लग्नांचे गाव. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला हे नाव मिळाले आणि ज्यांनी सिंधमध्ये सगळे गमावले होते त्यांनी चाळीस वर्षांत इथे बाजारपेठ उभी केली. लेकीच्या लग्नात गाणेबजावणे नसले तर त्यांना चैन पडत नसे. ऑर्केस्ट्रावाले बयाण्याला ‘सुपारी’ म्हणत. आजकाल हा शब्द गुन्हेगारीच्या बातम्यांतच वाचायला मिळतो, पण कलावंतांची सुपारी त्याहून जुनी. महिन्याला पाच-सहा सुपाऱ्या झाल्या की आमच्या या मित्राचे घरभाडे आणि मुलांच्या फिया निघत.

मग त्याचे वडील वारले.

यहुदी धर्मात मुलाने वडिलांसाठी अकरा महिने ‘कद्दिश’ नावाची प्रार्थना म्हणायची असते. ती एकट्याने घरी म्हणून चालत नाही; किमान दहा पुरुष जमावे लागतात. अंबरनाथ-बदलापूरकडे दहा जण रोज कुठून जमणार? म्हणून तो ठाण्याला, टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमध्ये जाऊ लागला. ‘शआर हशामाइम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार, हे १८७९ साली बांधलेले प्रार्थनामंदिर. तिथे कधी नऊच जण यायचे. दहाव्याची वाट पाहत उभे असलेले म्हातारे, आणि धावत आलेल्या या चाळिशीच्या माणसाला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर येणारा आनंद, हे त्याने मला लोकलच्या दारात उभे राहून सांगितले होते. अकरा महिने संपले तरी तो जात राहिला. मला वाटते, देवापेक्षाही त्या नऊ माणसांनी त्याला धरून ठेवले.

यानंतर हिशेब सुरू झाला. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. शब्बाथला वाद्य वाजवायचे नाही. कारण मोठे गंमतीचे आहे: वाजवताना तार तुटली तर ती नीट करण्याचा मोह होईल, आणि दुरुस्ती हे काम झाले! तारवाद्य वाजवणारा कुणीतरी त्या जुन्या धर्मपंडितांच्या चांगलाच परिचयाचा असला पाहिजे. वर्षाचे बावन्न शुक्रवार गेले. वल्हांडणाच्या सणानंतर सात आठवडे दिवस मोजण्याचा एक काळ असतो. त्यातले बरेच दिवस सनातनी घरांत लग्ने होत नाहीत, वाद्ये वाजत नाहीत. हा काळ येतो एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमका आपल्या लग्नसराईत. पुढे पावसाळ्यात जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचे तीन आठवड्यांचे सुतक. मी बँकेतला माणूस; मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. ऑर्केस्ट्राच्या मालकाने तेवढाही वेळ घेतला नाही. त्याने कॅसिओवाला एक पोरगा ठेवला. कॅसिओतून मँडोलिनही वाजे, सनईही वाजे आणि त्याला शुक्रवार-शनिवार काही नव्हते.

मला राग आला होता तो मित्राचाच. शनिवारी सकाळी बँकेत नोटा मोजतोस, तेव्हा तुझा शब्बाथ कुठे जातो, असे मी त्याला तोंडावर विचारले. तो चिडला नाही. पोटासाठी जे करावे लागते त्याची देवाकडे माफी मागता येते, पण जे आपण आपल्या हौसेने करतो त्यासाठी कोणत्या तोंडाने माफी मागायची, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. मला ते पटले नाही. माझ्या लेखी हा हिशेब सरळ उलटा होता. जे नावडते ते सोडावे, आवडते ते ठेवावे. आज इतक्या वर्षांनी वाटते की उलटा हिशेब माझाच होता. नोकरी त्याची नव्हतीच. ती बँकेची होती. देण्यासारखे स्वतःचे असे त्याच्याजवळ मँडोलिन तेवढे होते.

हा विषय माझ्या डोक्यात पुन्हा आला तो माझ्या मुलामुळे. २००६ च्या सुमारास त्याने मला कॉम्प्युटरवर एक गाणे दाखवले. काळी टोपी, काळा कोट, छातीपर्यंत दाढी, असा एक उंच तरुण रंगमंचावर जमेकाचे रेगे गात होता. नाव मॅटिसयाहू. मूळचा मॅथ्यू मिलर, जन्म १९७९, न्यूयॉर्कजवळ व्हाइट प्लेन्सला वाढलेला. घर उदारमतवादी यहुद्यांचे. पोराने शाळा अर्धवट सोडली, एका रॉक बँडच्या मागे गावोगाव हिंडला, आणि विशीत लुबाविच नावाच्या कडव्या हसिदी पंथात सामील झाला. क्राउन हाइट्स भागातल्या धर्मशाळेत अध्ययन, नवे नाव, नवा वेष. रेगेमध्ये झायन, बॅबिलॉन, यहुदाचा सिंह हे शब्द पहिल्यापासूनच आहेत. जमेकाच्या रास्ताफारी पंथाने ते बायबलच्या जुन्या करारातून घेतलेले. या पोराने उसने गेलेले शब्द घरी परत आणले म्हणा ना! ‘किंग विदाउट अ क्राउन’ हे त्याचे गाणे अमेरिकेच्या गाण्यांच्या यादीत अठ्ठाविसाव्या स्थानावर गेले आणि २००६ चा ‘यूथ’ हा अल्बम थेट चौथ्या. शुक्रवारी रात्री तो कार्यक्रम करत नसे. परस्त्रीचा स्पर्श नको म्हणून श्रोत्यांच्या गर्दीत झेप घेणेही त्याने सोडले. इतक्या अटी घालूनही बाजाराने त्याला डोक्यावर घेतले.

पण १३ डिसेंबर २०११ रोजी त्याने दाढी काढली आणि गुळगुळीत चेहऱ्याचा फोटो सगळ्यांना दाखवला. चांगला माणूस होण्यासाठी आपल्याला पुष्कळ नियमांची गरज आहे असे एके काळी वाटत होते, आता स्वतःच्या चांगुलपणावर भरवसा ठेवायचा आहे, अशा आशयाचे त्याने लिहिले. यहुदी असणे त्याने सोडले नव्हते. एका पंथाचा गणवेश उतरवला होता. पण दाढीवाल्या गायकाचे तिकीट काढणाऱ्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले आणि ज्या धार्मिक घरांतून त्याच्या गाण्यावर मुले नाचत होती तिथे जणू सुतक पडले. चौथा क्रमांक त्याला पुन्हा मिळाला नाही. अर्थात २००९ च्या अल्बमलाही तो मिळाला नव्हता, तेव्हा सगळा दोष वस्तऱ्यावर ढकलता येणार नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की कलावंताची श्रद्धा आपल्याला आवडते, पण ती एका जागी थांबलेली हवी असते. आपण तिला छायाचित्रासारखी चौकटीत बसवतो. बॉब डिलनचे उदाहरण जुने आहे. जन्माने झिमरमन, यहुदी. १९७९ साली तो ख्रिस्ताची गाणी घेऊन उभा राहिला आणि जुनी गाणी म्हणायला तयार होईना, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्याच चाहत्यांनी हुर्यो उडवली. २०१६ साली त्याला नोबेल मिळाले; तोवर सगळ्यांनी त्याला माफ करून टाकले होते, जणू काही गुन्हाच झाला होता.

युरोपात तर कलावंताला आपली श्रद्धा चालवायची मोकळीकही नव्हती. ती पोटाच्या दिशेने ढकलली जाई. गुस्ताव माहलरने फेब्रुवारी १८९७ मध्ये कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराची सूत्रे त्याच्या हाती आली. यहुद्याला ती जागा मिळणे अशक्यप्राय होते. दहा वर्षे त्याने ती गाजवली, तरी यहुदीद्वेष्ट्या वर्तमानपत्रांच्या लेखी तो यहुदीच राहिला. आर्नोल्ड शेनबर्गने १८९८ मध्ये प्रॉटेस्टंट धर्म घेतला. १९२१ साली माटझे नावाच्या ऑस्ट्रियन गावातून, यहुदी म्हणून, त्याला उन्हाळ्याची सुट्टी अर्धवट टाकून निघावे लागले. १९३३ मध्ये नाझींनी बर्लिनच्या अकादमीतली त्याची जागा घेतली, आणि त्याच जुलैत पॅरिसमध्ये तो विधिपूर्वक आपल्या मूळ धर्मात परतला. नोकरी गेल्यावर परतला, याकडे लक्ष द्यावे. परतल्यामुळे काही मिळणार नव्हते, उलट धोकाच होता.

मॅटिसयाहूलाही हा अनुभव चुकला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये स्पेनमधल्या एका रेगे महोत्सवाने त्याच्याकडे पॅलेस्टाइनबाबत जाहीर भूमिका मागितली आणि ती न मिळाल्यावर कार्यक्रम रद्द केला. तो अमेरिकन, इस्रायलचा नागरिकही नव्हे. इतर कलावंतांना असा दाखला मागितला गेला नव्हता. जगभर टीका झाल्यावर आयोजकांनी माफी मागून त्याला पुन्हा बोलावले. २०२४ मध्ये अमेरिकेतच त्याचे काही कार्यक्रम रद्द झाले. तोवर तो इस्रायलच्या बाजूने उघड बोलत होता, तेव्हा तो वाद वेगळा मानावा लागेल. पण २०१५ ची मागणी सरळ जन्मदाखला पाहून केलेली होती. दाढी गेली तरी ती लोकांना दिसतच होती.

असो. हे सगळे वाचताना मला सारखी आठवण यायची ती मित्राच्या घरी पाहिलेल्या एका वहीची. त्याच्या आजोबांची. मोडीवळणी देवनागरीत लिहिलेली यहुदी कीर्तने! होय, कीर्तनेच. १८८० च्या सुमारास मुंबई-कोकणातल्या बेने इस्राएलांनी हरिदासांचे पाहून आपली मराठी कीर्तने सुरू केली. अब्राहामाचे आख्यान, योसेफाचे आख्यान, मोशेचे आख्यान. त्यात साकी, दिंडी, ओवी सगळे. लेखनिक, शिक्षक, रेल्वेतले बाबू असलेली माणसे संध्याकाळी कीर्तनाला उभी राहत. मिसरच्या फारोला मराठी साकीत दम भरला जात असे, आणि श्रोत्यांत हिंदू शेजारीही असत. त्यांचा पोटापाण्याचा धंदा निराळा होता, म्हणून त्यांची श्रद्धा हवी तशी हलू शकली. नारदीय गादीवर जाऊन ती यहुदीच राहिली, आणि ‘हे काय भलतेच’ म्हणून तिकिटाचे पैसे परत मागायला कुणी आले नाही.

आमच्या उल्हासनगरचे खातेदार भगत कंवररामांच्या आठवणी सांगत तेव्हाही हेच जाणवे. पायात घुंगरू बांधून रात्र रात्र गाणारा हा सिंधी संत-गायक झोळीत पडलेले पैसे गरिबांना वाटून टाकी. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्टेशनात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यांची तसबीर उल्हासनगरच्या कितीतरी दुकानांत गल्ल्याच्या वरच टांगलेली मी पाहिली आहे.

मित्राने कालांतराने बढती नाकारली, स्वेच्छानिवृत्ती घेतली. नात्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले. तो गेला नाही. मला तो मध्यंतरी एका रविवारी ठाण्याच्या फलाटावर भेटला. केस पांढरे, आणि खांद्याला मँडोलिनची तीच रेक्झिनची पिशवी. कुणाच्या तरी घरी मलिदा होता. एलियाहू नबींच्या नावाने पोहे, खोबरे, साखर, फळे यांचे ताट मांडून नवस फेडायचा हा त्यांचा खास कोकणी विधी. तिथे म्हाताऱ्या बाया अजून मराठी गाणी म्हणतात आणि हा त्यांना साथ करतो.

‘काय घेतोस सुपारी?’ मी विचारले. बँकेची सवय जात नाही.

‘मलिदा,’ तो म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसत बदलापूर गाडीत चढला.