दरपत्रक फक्त सरकारच्या बिलासाठीच का?

बिल सरकारच्या खिशातून जाते तेव्हा दर सरकार ठरवते. सीजीएचएसमध्ये शस्त्रक्रियेगणिक दरपत्रक आहे. बंगळूरची बडी खाजगी रुग्णालये ते मान्य करूनच यादीत येतात. रेल्वे रुग्णालयाने बाहेर पाठवलेल्या रुग्णाचे बिलही ठरलेल्या दराने होते.

मग सामान्य रुग्णासाठी दर का बांधता येत नाहीत? २०१७ साली कर्नाटकचे आरोग्यमंत्री के. आर. रमेश कुमार यांनी दरनियंत्रणाचे आणि जादा आकारणीला तुरुंगवासाचे विधेयक आणले. नोव्हेंबरात खाजगी डॉक्टरांनी संप केला. बेळगावच्या अधिवेशनात सरकार नमले! तुरुंगवास गळाला, दर ठरवण्याचा अधिकार सरकारी योजनांच्या रुग्णांपुरता उरला. इतरांच्या वाट्याला दरफलक आणि हक्कांची सनद आली. फलक वाचून बिल कमी होत नाही.

हा प्रश्न आपला नाही, असे कोणी म्हणू नये. आपल्याच खात्याचे टपाल वाटणारा ग्रामीण डाक सेवक सीजीएचएसबाहेर आहे. योजनेचे कार्ड नसेल तर तो रुग्णालय मागेल ते भरतो. आपल्या सवलती राखायच्या आणि त्याला वाऱ्यावर सोडायचे, ही कामगार चळवळ नव्हे. सर्वांना बांधील दर लागू करा, हा ठराव प्रत्येक शाखेने केलाच पाहिजे!