भल्यासाठी बोलतो म्हणणाऱ्यांना

"काय गं, चांगलीच सुटलीस!" लग्नकार्यात, गणपतीत, दिवाळीच्या फराळाला चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचं स्वागत कितीतरी घरांत याच वाक्याने होतं. भाऊ किडकिडीत असेल तर त्याला विचारतात, "घरी जेवायला घालत नाहीत का रे?" हटकलं की उत्तर येतं: आपलं माणूस म्हणून भल्यासाठी बोलतो. मुलांमधला लठ्ठपणा वाढतोय, मग गप्प बसायचं का?

लठ्ठपणा वाढतोय, हे मला पूर्ण मान्य आहे. माझं भांडण उपायाशी आहे. टोचून बोललं की वजन उतरतं, असं आपण धरून चाललो आहोत. अमेरिकेत मिनेसोटामध्ये 'प्रोजेक्ट ईट' या अभ्यासाने हजारो किशोरवयीन मुलामुलींचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांना वजनावरून चिडवलं गेलं, त्यांच्यात पुढे लठ्ठपणाचं प्रमाण जास्तच आढळलं. ज्यांनी त्या वयात डाएट केलं, त्यांच्यात पाच वर्षांनी भान सुटून खाण्याचा धोकाही अधिक होता आणि वजनही अधिक वाढलेलं होतं.

यावर "मनावर ताबा नाही, दुसरं काय" असं म्हणणाऱ्यांनी त्याच मिनेसोटात 1944-45 साली झालेला प्रयोग वाचावा. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं सावरायचं, हे शोधण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही धडधाकट माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, ताटल्या चाटू लागली, एकेका घासावर रेंगाळू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. पुन्हा भरपूर जेवण मिळू लागल्यावर काहींना पोट भरल्याचं कळेना. त्यांना कुणी जाडे म्हटलं नव्हतं, आरशाची धास्तीही नव्हती. नुसत्या भुकेने मोठ्या पुरुषांची ही गत होते, तर वाढत्या वयाच्या, आधीच लाजेने पोळलेल्या मुलीकडून आपण कसला ताबा मागतो?

दुसरा आक्षेप असा, की खाण्याचे हे विकार म्हणजे सगळी श्रीमंतांची, पाश्चात्त्यांची थेरं. आपल्या मुलींना असलं काही होत नाही. फिजी बेटांवरही असंच वाटत असे. तिथे भरलेलं शरीर चांगलं मानलं जाई. नाद्रोगा प्रांतात 1995 मध्ये टीव्ही पोचला तेव्हा पाहणीतल्या शाळकरी मुलींमध्ये वजन ताब्यात ठेवण्यासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. 1998 च्या पाहणीत हे प्रमाण 11.3 टक्के होतं.

मग फोन काढून घ्या, प्रश्न मिटला, असंही ऐकू येतं. फोनचा दोष आहेच. पण 'गोरी, सडपातळ' वधू मागणाऱ्या जाहिराती फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून आपणच छापत आलो आहोत.

आपल्याकडे तर हा त्रास लपायला फार सोयीची जागा आहे: उपास. आधी सोमवार, मग चतुर्थी, मग गुरुवार. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणाही नको, फक्त ताक. घरात कौतुक होतं, आजी शेजारणीला सांगते. शाळेत डबा मैत्रिणीच्या पुढ्यात सरकलेला असतो. मुलगी जे थोडं जेवते, त्यानंतरही लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. केस गळतात, उकाड्यातही अंगात स्वेटर असतो, पाळी चुकते, तरी सगळे म्हणतात, "किती छान बारीक झालीस!" देशातल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा सांगतो. त्या मुलींना आपण कमी खा म्हणतो, याचा मला संताप येतो. वजन भरपूर दिसतं म्हणून आजार नाही, असंही समजू नये. जिममध्ये प्रोटीन पावडरचे डबे रिचवत सिक्स पॅकचा ध्यास घेतलेली मुलंही याच वाटेवर असतात. त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षही जात नाही.

वजनाचा शब्द न काढता घर बदलता येतं. भाकरी, उसळ, पालेभाजी सगळ्यांच्या ताटात सारखी पडू दे. तिला वेगळं ताट नको आणि तिच्यापुरती पोळी मोजायला नको. एक वेळचं जेवण सगळ्यांनी एकत्र करावं: घरच्यांसोबत नियमित जेवणाऱ्या मुलींमध्ये अशा सवयी कमी दिसल्याचं 'प्रोजेक्ट ईट'नेच नोंदवलं आहे. खेळायला पाठवायचं ते खेळ आवडतो म्हणून. आईने आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवणं थांबवावं, मुलगी ऐकत असते. शाळेत वजन करावंच लागलं तर आकडा वर्गासमोर मोठ्याने वाचू नये. आणि पाहुण्याने तोंड उघडलं, तर "काका, तिच्या अंगावरून काही बोलू नका," हे वडिलांनी तिच्यादेखत म्हणावं. नंतर आत जाऊन तिची समजूत काढणं पुरत नाही.

शंका आलीच तर ताटावरून भांडू नका. तिला एकटीला गाठून म्हणा, "जेवताना तुला त्रास होतोय असं वाटतंय, आपण डॉक्टरांना भेटूया." बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांनाही दाखवा. उपासमारीने हृदयाचे ठोके मंदावतात. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी उपाशी राहण्याचा हा आजार एक आहे. वय वाढलं की आपोआप सुटेल म्हणून थांबू नका. कुणाकडे जावं हे कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.