आधी घड्याळ, मग कडकड!

सोमवार सकाळ. कंपनीची बस सुटायला वीस मिनिटं उरलेली, आणि माझा रूम पार्टनर पलंगाच्या काठावर नुसता बसून. मोजे हातात, पण वाकता येत नाहीये! वय वर्षं फक्त २८.

"जिममध्ये जास्त झालं असेल," मी म्हटलं.
"महिनाभर जिमला गेलोच नाहीये," तो म्हणाला.

मग जे आपण सगळेच करतो तेच त्यानं केलं. मोबाइल उघडला. कायरोप्रॅक्टरची रील्स तुम्हीही पाहिली असतीलच. पेशंटला कुशीवर वळवायचं, एक झटका, कट्‌ कट्‌ कट्‌, आणि पेशंट खूश! महिनाभर रोज रात्री तेच बघून साहेबांनी शेवटी शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. मीही सोबत गेलो. खरं सांगू? कडकड लाइव्ह ऐकायला!

तसं हे आपल्याला अगदीच नवीन नाही. गावाकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेतात. कायरोप्रॅक्टिकची गोष्ट मात्र अमेरिकेतली. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावात डॅनिअल डेव्हिड पामर या गृहस्थांनी हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या मणक्याला झटका दिला आणि त्याला नीट ऐकू यायला लागलं, असा दावा केला. तिथून ही पद्धत सुरू झाली. मणक्यानं बहिरेपण जातं यावर आज डॉक्टर विश्वास ठेवत नाहीत, पण झटका मात्र टिकला.

आणि तो आवाज? हाड जागेवर बसल्याचा नाही बरं का! सांध्यातल्या वंगणात विरघळलेल्या वायूचा तो खेळ. बोटं मोडताना येतो तोच. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. संधिवात दोन्ही हातांना झाला नाही! २००९ साली त्यांना गमतीशीर संशोधनाचा इग नोबेल मिळाला. थोडक्यात काय, कट्‌ वाजलं म्हणून आजार होत नाही, आणि कट्‌ वाजलं म्हणून तो जातही नाही.

तर, शनिवार. तिथल्या कायरोप्रॅक्टर बाईंनी टेबलाकडे नेण्याआधी खुर्चीत बसवलं. पहिलाच प्रश्न, "सकाळी उठल्यावर अंग मोकळं व्हायला किती मिनिटं लागतात?"
"मिनिटं? तासभर तरी. कधी दीड."
"किती दिवस चाललंय?"
"दिवाळीच्या आधीपासून. पाच महिने."
"पहाटे दुखून जाग येते? चाललं की बरं वाटतं, बसून राहिलं की वाढतं?"
तो माझ्याकडे बघायला लागला. सगळ्यालाच "हो" होतं.

बाई म्हणाल्या, "आज मी तुमच्या पाठीला हात लावणार नाही. आधी संधिवाततज्ज्ञांना दाखवा."

रिक्षात तो जाम भडकला. "संधिवात? तो आजीला असतो यार!"

नाही ना! रक्ततपासणी आणि माकडहाडाच्या बाजूच्या सांध्यांचा एमआरआय झाला आणि नाव कळलं, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस. हा संधिवात बहुतेकदा विशी-तिशीतच सुरू होतो. आपलीच प्रतिकारशक्ती मणक्याच्या सांध्यांना सूज आणते. उपचार नाही मिळाले तर काहींचे मणके वर्षानुवर्षांत एकमेकांना जुळत जातात. असा जुळलेला कणा बांबूसारखा ताठ दिसतो, पण ठिसूळ असतो. म्हणूनच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की मणके जुळलेल्या पेशंटच्या पाठीला झटके देऊ नका. आमवातात मानेचे वरचे सांधे सैल झालेले असू शकतात, म्हणून तिथे मानेला झटका नकोच.

आता माझ्या आईचं बघा. तिचेही गुडघे सकाळी धरतात, पण चहा उकळेपर्यंत मोकळे! दहा मिनिटांचा मामला. ही झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. झिजलेली कूर्चा कुठल्याही झटक्यानं परत उगवत नाही. तिच्यासाठी खरं औषध म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन. एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो. आईला हे सांगितल्यापासून ती पोह्यांवरचं खोबरं मोजून घेते!

मग कायरोप्रॅक्टिक बादच का? तसं नाही. दहा तास खुर्चीत बसून धरलेली, साधी, यांत्रिक कंबरदुखी असेल तर मणक्याच्या या हाताळणीनं काहींना आराम पडतो. अमेरिकेतल्या फिजिशियन्सच्या संघटनेनं २०१७ साली कंबरदुखीवरच्या बिनऔषधी उपायांच्या यादीत तिला जागा दिली आहे, व्यायाम आणि योगासनांच्या शेजारी. पण आपल्याकडे या व्यवसायासाठी वेगळी सरकारी कौन्सिल नाही. त्यामुळे डिग्री कुठली, शिक्षण कुठलं, हे आपणच विचारायचं, आणि न लाजता! प्रश्न न विचारता थेट मान धरणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार. मानेच्या झटक्यानंतर रक्तवाहिनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस थोड्या आहेत, पण आहेत.

म्हणून उद्या सकाळी एक काम करा. अलार्म बंद केलात की मोबाइलवरच स्टॉपवॉच लावा आणि अंग मोकळं होईपर्यंत चालू ठेवा. आठवडाभर आकडे लिहा. पाच-दहा मिनिटं असतील तर खुर्ची बदला, तासातासाला उठा, हवं तर फिजिओकडे जा. अर्ध्या तासाच्या वर जात असेल, तीन महिने उलटले असतील, किंवा दोन्ही हातांची बोटं सुजत असतील, तर आधी संधिवाततज्ज्ञ. बाकी सगळं नंतर. आणि अचानक पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल!

आमचे साहेब आता गोळ्या घेतात, रोज सकाळी पोहतात. परवा माझ्या आधी तयार होऊन दारात उभे!

"किती?" मी विचारलं.
"बारा मिनिटं," तो म्हणाला. "आणि तुझे मोजे कुठायत?"