कव्हरावरची नावं

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं येतात, राहुटीबाहेरची पाटी वाचतात, आत बसून चहा घेतात आणि तारीख, सुपारी ठरवतात. माझे वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फळी, लग्नाचे फलक ही बारा महिन्यांची कामं, आणि हंगामात एखाद्या फडाची पाटी. त्या पाटीवर ते सगळ्यात जास्त वेळ घालवायचे. कुणाचं नाव आधी, कुणाचं किती बोटं उंच, हे फडाचा मालक सांगायचा आणि ते मोजून काढावं लागायचं. अक्षर अर्धा इंच लहान झालं म्हणून रुसलेली माणसं मी पाहिली आहेत. ते रुसणं मला तेव्हाही खरं वाटायचं.

आमच्या गावचं सगळ्यात मोठं नाव कसं लिहितात ते पाहा : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. बाईचं नाव, बापाचं नाव, समाज आणि गाव. एका ओळीत सगळी ओळख. तमाशाने कलावंताचं नाव असं जपलं. त्याच तमाशावर निघालेल्या चित्रपटांच्या डिस्का बाजारात आल्या, तेव्हा त्यांच्या कव्हरावरून नावंच गळाली, याचं मला फार वाईट वाटतं.

2000 नंतरची दहाएक वर्षं आमच्या भागात व्हीसीडीची होती. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर, कुठल्याही बाजारात ताडपत्रीवर डिस्का मांडलेल्या असत. भजनं, लावण्या, वगनाट्यं आणि त्यांतच जुने मराठी चित्रपट. वडिलांनी त्यातून ‘सांगत्ये ऐका’ आणला. चित्रपट 1959 चा, कृष्णधवल. कव्हर मात्र गुलाबी आणि पोपटी. जयश्री गडकरांचा चेहरा कॉम्प्युटरवर रंगवलेला, ओठ लालभडक, मागे विजेच्या झोतासारखे पट्टे. उलटून पाहिलं तर सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत, कंपनीचा पत्ता आणि नक्कल करणाऱ्याला इशारा. साल नव्हतं. दिग्दर्शक अनंत माने नव्हते, संगीतकार वसंत पवार नव्हते, गीतकार गदिमा नव्हते. अभिनेत्री हंसा वाडकर नव्हत्या.

वडिलांनी डबी उघडली, कव्हराचा कागद बाहेर काढला आणि त्याच्या कोऱ्या बाजूला बॉलपेनने ही सगळी नावं लिहिली. खाली साल. मग कागद पुन्हा आत सरकवला. पुढे घरात आलेल्या प्रत्येक डिस्कचं त्यांनी हेच केलं.

नावं का गळाली, याचा मी बराच विचार केला आहे. पहिलं कारण अगदी साधं, मापाचं. आपल्याकडचं चित्रपटाचं पोस्टर उभं असतं, साधारण 30 इंच रुंद आणि 40 इंच उंच. वर चेहरे, मध्ये नाव, आणि तळाला कथा, गीत, संगीत, दिग्दर्शन, निर्मिती यांची ओळ. व्हीसीडीची डबी चौकोनी, दर्शनी कागद जेमतेम 12 सेंटिमीटरचा. उभं पोस्टर चौकोनात बसवायचं तर काहीतरी कापावं लागतं, आणि चेहरा कुणी कापत नाही. कात्री तळावर चालते, म्हणजे नेमकी नावांवर. डीव्हीडीची डबी उभी असते, तिच्यात पोस्टर पुष्कळ बरं बसतं, पण आमच्या बाजारात चालली ती व्हीसीडीच.

दुसरं कारण कायद्याचं. 1984 साली कॉपीराइट कायद्यात 52-अ हे कलम आलं. व्हिडिओ कॅसेटवर किंवा तिच्या वेष्टनावर काय छापलंच पाहिजे ते त्यात सांगितलं आहे : सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव-पत्ता आणि हक्क घेतल्याचं निवेदन, हक्कमालकाचं नाव-पत्ता. चोरटा माल ओळखता यावा म्हणून हे आवश्यकच होतं. पण दिग्दर्शक, संगीतकार, गीतकार, मूळ चित्रपटाचं साल, यांतलं काहीही त्या यादीत नाही. मालकाचं नाव सक्तीचं आणि कलावंताचं ऐच्छिक. जागा कमी पडली की ऐच्छिक तेच जातं. त्यात किंमतही उतरली. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी आणली. गरिबाच्या घरात जुना चित्रपट पोहोचला, ही फार मोठी गोष्ट झाली. मात्र त्या भावात कव्हरासाठी चित्रकार बसवणं कुणाला परवडणार?

खरं तर मराठी चित्रपटाचा पायाच चित्रकारांनी घातला. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना सारं जग बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतं, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले फत्तेलाल पुढे ‘प्रभात’मध्ये दामल्यांबरोबर ‘संत तुकाराम’ करतात, 1936 साली. व्ही. शांतारामांच्या चित्रपटांची पोस्टरं करणारे जी. कांबळेही कोल्हापूरचेच. राज्य शासनाने शिवाजी महाराजांचं अधिकृत म्हणून स्वीकारलेलं चित्र त्यांच्याच हातचं आहे. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा जुन्नरकरांनी तरी हे नाव विसरू नये. अशा हातांनी रंगवलेली पोस्टरं असताना कव्हरावर कॉम्प्युटरची गुलाबी पावडर यावी, हे मला पटत नाही.

बाहेर काय होतं ते पाहावं. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह 1993 साली लंडनमधल्या आगीत होरपळल्या. अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीने इटलीतल्या प्रयोगशाळेकडून त्यांतलं जे वाचवता येईल ते वाचवून घेतलं आणि 2015 साली तिन्ही चित्रपट एका संचात काढले. सोबत लेखांची पुस्तिका दिली. घेणाऱ्याला हातात डबी धरल्यावर कळतं की हा चित्रपट कुणाचा, कधीचा, आणि इथपर्यंत कसा आला. एवढा खर्च आपल्या कंपन्यांनी करायला हवा होता असं माझं म्हणणं नाही. मूळ पोस्टर न कापता मागच्या बाजूला छापायचं आणि खाली चार ओळी द्यायच्या, इतकंच. त्याला वेगळी शाई लागत नाही.

हंसा वाडकरांनी पुढे आपलं आत्मकथन सांगितलं, तेव्हा त्याला याच चित्रपटाचं नाव दिलं : ‘सांगत्ये ऐका’. त्यावरून 1977 साली श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला आणि स्मिता पाटील यांनी त्यातली मुख्य भूमिका केली. एका बाईने ज्या चित्रपटाचं नाव आपल्या आयुष्याला दिलं, त्या चित्रपटाच्या कव्हरावर तिचं नाव नसावं, ही चूक मी लहान मानत नाही. ‘पिंजरा’ आठवला की लोकांना संध्या आणि डॉ. लागू आठवतात. संगीतकार राम कदम आणि गीतकार जगदीश खेबुडकर ही नावंही त्याच दमात आठवायला हवीत. ती आठवण ठेवण्याचं काम कव्हराचं होतं.

आता व्हीसीडीचा बाजार उठला. जुने चित्रपट मोबाइलवर दिसतात, आणि कव्हराची जागा नखाएवढ्या चित्राने घेतली आहे. त्यात तर नाव मावतच नाही. म्हणून उरलेले कागद मला जास्त मोलाचे वाटतात. डिस्क चरे पडून वाया जाते, कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, पण कागद सावलीत कोरडा ठेवला तर टिकतो.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकांना माझी विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटी-डिस्कांचं पोतं भंगारात घालण्याआधी त्यातली कव्हरं काढून घ्या. त्यांच्या मागे चित्रपटाचं साल, दिग्दर्शक, गीतकार, संगीतकार आणि लावणी गाणारीचं नाव लिहा. कुणाकडे जुनं पोस्टर, गाण्यांची पुस्तिका किंवा टॉकीजमधली छायाचित्रं असतील तर ती फेकू नका. 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, आणि तिथे चित्रपटांबरोबर असे कागदही जपले जातात. एकदा जाऊन विचारा. नारायणगावहून पुण्याला दिवसभर एसटी आहे.